मज्जाशास्त्रज्ञांचीं आत्मनिवेदनें

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत माझे एक वकील स्नेही आपल्या मुलीस घेऊन माझ्याकडे आले. मुलगी वैद्यकाची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडली होती. पुढें एखाद्या चलतीच्या शाखेचें शिक्षण घ्यावें हा वडिलांचा आग्रह, आणि मेंदूच्या संशोधनांत पडावें हा तिचा हट्ट. मी पडलों इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. असल्या वादांत मीं न्यायाधीश होणें हास्यास्पदच. म्हणून अध्यापकाची जात सहसा जें करते तेंच मीं केलें : निवाडा देण्याऐवजीं पुस्तक दिलें. अमेरिकेंतील मज्जाशास्त्र-संस्थेनें (ही संस्था १९६९ सालीं स्थापन झाली) आपल्या शास्त्रांतील वृद्ध व मान्यवर संशोधकांकडून त्यांचीं आत्मवृत्तें लिहवून घेण्याचा उपक्रम लॅरी स्क्वायर ह्यांच्या संपादकत्वाखालीं चालविला आहे. त्याचा १९९६ सालीं निघालेला पहिला भाग माझ्याजवळ होता. पंधरवड्यानें पुस्तक परत आलें. वकीलसाहेबांनीं तें मन लावून वाचलें होतें, ह्याची साक्ष समासांतील पेन्सिलीच्या खुणा देत होत्या. परंतु त्या खुणा सर्व एकाच जातीच्या होत्या. कोणीं कोणत्या वयांत पदवी घेतली, कोण कोणत्या विद्यापीठांत गेला, कोणास कोणत्या सालीं पारितोषिक मिळालें, एवढेंच त्यांनीं टिपलें होतें. "ह्यांतून मार्ग कांहीं निघत नाहीं, प्रोफेसर," ते म्हणाले; "प्रत्येकाचा रस्ता निराळा!"

हें ते तक्रारीच्या सुरांत बोलले. मला मात्र ह्या ग्रंथमालेवर एका वाक्यांत देतां येईल असा ह्याहून नेमका अभिप्राय सुचत नाहीं. मात्र तो सर्वच लेखांना सारखा लागू पडत नाहीं, आणि जेथें पडत नाहीं तेथें ग्रंथ फसला आहे, असें माझें मत आहे.

शास्त्रज्ञांना बोलतें करण्याच्या दोन रीती सध्यां रूढ आहेत. एक समोरासमोर बसून प्रश्न विचारण्याची. मायकेल गॅझॅनिगा ह्यांनीं आपल्या नियतकालिकांत घेतलेल्या अशा मुलाखतींचा संग्रह १९९७ सालीं निघाला. प्रश्नकर्ता स्वतः त्याच शास्त्रांत मुरलेला असल्यामुळें त्यांतील संभाषण चुरचुरीत होतें. एखाद्या सिद्धान्ताची बाजू लंगडी असली तर ती लपत नाहीं. परंतु दोन पंडित वादाला बसले म्हणजे माणूस मागें राहतो व मत पुढें येतें. तीं संभाषणें वाचून त्या माणसाला काय वाटतें हें कळतें. तो तसा कां झाला हें क्वचितच कळतें. दुसरी रीत स्क्वायर ह्यांची : प्रश्न एकच विचारावयाचा, "आपण येथवर कसे आलांत?", आणि मग उत्तर देणाऱ्यास पन्नास पानें मोकळीं सोडून द्यावयाचीं. ह्या परंपरेचे मूळपुरुष स्पेनचे सांतिआगो रामोन काहाल. मज्जापेशी ही एक स्वतंत्र पेशी आहे हें प्रस्थापित करणाऱ्या ह्या विद्वानाच्या आठवणींत न्हाव्याकडे व चांभाराकडे उमेदवारी केलेला, शेजाऱ्याचें फाटक घरगुती तोफेनें उडवून तुरुंगांत बसलेला द्वाड मुलगा सूक्ष्मदर्शकाइतकाच ठळक दिसतो.

संपादक स्क्वायर हे स्वतः स्मृतीचे संशोधक आहेत. ज्यानें आयुष्यभर स्मृतीच्या लहरीपणाचा अभ्यास केला त्यानेंच लोकांकडून आठवणी मागाव्या, ह्यांत एक गंमत आहे. स्मरण म्हणजे कोठीच्या खोलींतून ठेवलेला जिन्नस काढून आणणें नव्हे. दर वेळीं तो नव्यानें घडवावा लागतो, ही गोष्ट केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट ह्यांनीं १९३२ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिली. त्यांनीं लोकांस उत्तर अमेरिकेंतील आदिवासींची एक विलक्षण कथा वाचावयास दिली, व पुढें दिवसांनीं, महिन्यांनीं ती पुनःपुन्हां सांगावयास लाविली. प्रत्येक वेळीं तींतील चमत्कारिक भाग गळत गेला. सील नांवाच्या प्राण्याची शिकार जाऊन त्या जागीं साधी मासेमारी आली, भुतांचा संबंध पुसट झाला, आणि शेवटीं उरली ती ऐकणाऱ्याच्या ओळखीची, सुटसुटीत, आंखीव गोष्ट. आत्मचरित्रें वाचतांना बार्टलेटची ही कसोटी हाताशीं ठेवावी. ज्या प्रसंगांत अजून चमत्कारिक व अडचणीचें कांहीं शिल्लक आहे तो प्रसंग बहुधा खरा. जो फारच घोटीव झाला आहे तो बहुधा अनेकदां सांगितलेला.

डेव्हिड ह्यूबेल ह्यांची कांचपट्टीची हकीकत घ्या. १९५८ सालीं बाल्टिमोर येथें स्टीफन कुफ्लर ह्यांच्या प्रयोगशाळेंत ह्यूबेल व टॉर्स्टन व्हीझल हे मांजराच्या मेंदूंतील दृष्टीच्या एका पेशीचा ठाव घेत बसले होते. कांचपट्टीवर काळा ठिपका काढून त्याची छाया पडद्यावर पाडीत. पण पेशी ढिम्म हलेना. तासांमागून तास गेले. मग पट्टी यंत्रांत सरकवतांना एकदम पेशी तडतडूं लागली, आणि पुष्कळ वेळानें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, तिला ठिपक्याशीं कांहींच कर्तव्य नाहीं; कांचेच्या कडेची जी पुसट सरळ छाया विशिष्ट कोनांतून पडद्यावरून सरकते, तिलाच ती साद देत आहे. मेंदूचा हा भाग ठिपके नव्हे, कडा व रेषा वेंचतो, हा पुढील साऱ्या संशोधनाचा पाया ह्या अपघातानें घातला गेला. ही हकीकत १९८१ सालच्या नोबेल व्याख्यानांत आली, नंतर इतरत्र आली, पाठ्यपुस्तकांत शिरली. आज ती कीर्तनकाराच्या आख्यानासारखी तालासुरांत बसली आहे. तिचा उत्तररंग ठरलेला : दैव अनुकूल असावें! कॉलेजांतलीं मुलें ती ऐकून टाळ्या वाजवितात.

परंतु ह्यूबेल ह्यांच्या आत्मवृत्तांत ह्या आख्यानाच्या अलीकडे एक रुक्ष प्रकरण आहे, व तें मला अधिक मोलाचें वाटतें. वॉशिंग्टनच्या लष्करी संशोधनसंस्थेंत असतांना टंगस्टनच्या तारेला विद्युद्रासायनिक क्रियेनें झिजवून अतिसूक्ष्म टोंक कसें आणावें, त्यावर विद्युद्रोधक लेप कसा द्यावा, ह्या खटपटींत त्यांचा मोठा काळ गेला. १९५७ सालीं ती तार प्रसिद्ध झाली. ती तार नसती तर ती पेशी तासन्तास हातीं राहिली नसती, आणि कांचेची कड सरकली असती तरी ऐकावयास कोणी नव्हतें. दैवाची गोष्ट सांगावयास गोड. तारेची गोष्ट सांगतां सांगतां श्रोता जांभई देतो. म्हणूनच पहिली टिकते व दुसरी गळते. ह्यूबेल ह्यांनीं दुसरीहि लिहून ठेविली, हें ह्या ग्रंथाचें भाग्य.

आतां ज्या लेखासाठीं हा भाग संग्रहीं ठेवावा असें मी म्हणेन, त्या विक्टर हाम्बर्गर ह्यांच्या आत्मवृत्ताकडे वळतों. त्याची खरी गोडी दुसरें एक पुस्तक शेजारीं ठेवल्याशिवाय कळत नाहीं. तें पुस्तक म्हणजे रीता लेवी-मोंताल्चिनी ह्यांचें आत्मचरित्र. अपूर्णतेची प्रशंसा करणारें त्याचें नांवच त्याचें सूत्र आहे. तें इटालियन भाषेंत १९८७ सालीं निघालें. म्हणजे बाईंना नोबेल पारितोषिक मिळाल्याच्या पुढच्याच वर्षीं.

दोघांची कथा एकमेकांत गुंतलेली आहे. हाम्बर्गर १९०० सालीं जर्मनींत जन्मले, फ्रायबुर्ग येथें श्पेमान ह्या प्रख्यात गर्भशास्त्रज्ञाचे शिष्य झाले, १९३२ सालीं शिष्यवृत्तीवर एका वर्षासाठीं शिकागोस गेले. आणि १९३३ च्या वसंतांत नव्या राजवटीच्या कायद्यानें, ते ज्यू असल्याकारणानें, फ्रायबुर्गची त्यांची जागा गेली. एका वर्षाचा पाहुणा जन्माचा रहिवासी झाला. कोंबडीच्या गर्भाच्या पंखाचा अंकुर कापून काढला असतां त्या पंखाकडे जाणाऱ्या मज्जापेशी कमी भरतात, असें त्यांनीं १९३४ सालीं दाखविलें, आणि त्याचें कारण असें दिलें कीं, पंखाकडून येणारी कांहीं प्रेरणा न मिळाल्यानें पेशी घडतच नाहींत. हा निबंध १९४० सालीं इटलींत, बसावयास बांकहि नसलेल्या गुरांच्या डब्यांतून प्रवास करतांना, एका तरुण स्त्रीनें वाचला. तीहि ज्यू, १९३८ च्या वांशिक कायद्यांनीं तिला विद्यापीठाचीं दारें बंद झालेलीं. तिनें तुरिन येथें आपल्या निजावयाच्या खोलींत प्रयोगशाळा मांडली, शिवणाच्या सुयांना धार लावून शस्त्रें केलीं, आणि अंड्यांवर तोच प्रयोग केला. बाँबवर्षाव सुरू झाला तेव्हां ती खेड्यांत गेली व तेथें प्रयोग पुढें चालविला. तिचा निष्कर्ष निराळा निघाला : पेशी घडतात, परंतु पंखाचा आधार न मिळाल्यानें मरून जातात. युद्ध संपल्यावर हाम्बर्गर ह्यांनीं तो निबंध पाहिला आणि बाईंना सेंट लुई येथें बोलाविलें. १९४७ सालीं त्या गेल्या. एका सत्रासाठीं गेल्या, व तीस एक वर्षें त्या विद्यापीठाशीं बांधलेल्या राहिल्या. दोघांनीं मिळून प्रयोग पुन्हां केला. बाईंचें म्हणणें खरें ठरलें.

येथें मी जरा थांबतों. आपलें अनुमान चुकलें व दूरदेशींच्या एका अनोळखी, पदच्युत स्त्रीचें बरोबर निघालें हें कळल्यावर तिला आपल्या घरीं पाहुणी म्हणून बोलावणारे किती आचार्य आपण पाहिले आहेत? हाम्बर्गर ही गोष्ट अशा थंडपणें लिहितात कीं, जणूं तींत कांहीं विशेष नाहींच. कित्येक वर्षें विद्यापीठाच्या कारभारांत घालविल्यामुळें मला मात्र तींत विशेष वाटतें.

पुढची कथा वेगानें सांगतां येते. उंदरांतील एका अर्बुदाचा तुकडा गर्भावर ठेवला असतां मज्जातंतु त्याच्याकडे भराभर वाढतात असें दिसलें. १९५२ सालीं बाई अर्बुद झालेले दोन उंदीर जवळ घेऊन विमानानें रिओ द जानेरोस गेल्या, आणि तेथील प्रयोगशाळेंत कांचेच्या बशींत त्या द्रव्यानें मज्जागंडाभोंवतीं तंतूंचें सूर्यबिंबासारखें वलय उगवलेलें त्यांनीं पाहिलें. तेथून त्या हाम्बर्गर ह्यांस रेखाटनांसह पत्रें पाठवीत राहिल्या. पुढें स्टॅन्ले कोहेन ह्या रसायनशास्त्रज्ञानें तें द्रव्य अलग केलें. १९८६ चें नोबेल पारितोषिक लेवी-मोंताल्चिनी व कोहेन ह्या दोघांना मिळालें. तीन जणांस तें देतां येतें. परंतु हाम्बर्गर ह्यांचें नांव त्यांत नव्हतें. त्या शास्त्रांतील पुष्कळांना हें खटकलें व त्यांनीं तें उघड लिहिलें.

बाईंचें पुस्तक वाङ्मय म्हणून निःसंशय सरस आहे. गुरांचा डबा, निजण्याची खोली, उंदरांसह विमानप्रवास ह्या प्रसंगांना नाट्य आहे, आणि तें त्यांना पुरतें ठाऊक आहे. रिओ हें त्या पुस्तकाचें शिखर. हाम्बर्गर ह्यांच्या लेखांत तेंच वलय एक महत्त्वाचा टप्पा म्हणून येतें. त्यांचा जीव अधिक रमतो तो श्पेमानच्या प्रयोगशाळेंतल्या बेडकाच्या व पाणसरड्याच्या गर्भांत, आणि उतारवयांत त्यांनीं अंड्यांतील पिलाच्या हालचालींवर जें संशोधन केलें त्यांत. वाचकाला वाटतें, आतां मनांतली कडवट गोष्ट बाहेर येईल. पण त्यासाठीं तो पानें उलटीत राहतो. ह्याला कोणी संयम म्हणेल, कोणी झांकपाक. माझा कल पहिल्याकडे आहे. परंतु मी वाचक आहें, साक्षीदार नव्हे. दोघांपैकीं कोणीं खोटें लिहिलें असें मला वाटत नाहीं. पंचाहत्तरी ओलांडलेली एक स्त्री आपल्या आयुष्यांतील सर्वांत उज्ज्वल क्षणाभोंवतीं बाकीचें आयुष्य रचते, आणि नव्वदी ओलांडलेला एक पुरुष आपलें आयुष्य त्या क्षणापासून दूर नेऊन पाहतो. बार्टलेट असते तर ते म्हणाले असते, हेंच अपेक्षित होतें. हीं दोन पुस्तकें एकत्र वाचणारास मिळतें तें एकेका पुस्तकांत नाहीं.

बाकीच्या लेखांतून बर्नार्ड कॅट्झ व ज्यूलियस ॲक्सेलरॉड ह्यांचे लेख वकीलसाहेबांनीं पुन्हां वाचावे अशी माझी शिफारस आहे. कॅट्झ लाइपझिगहून १९३५ सालीं राष्ट्रहीन मनुष्याचा दाखला व खिशांत अवघे चार पौंड घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्यास लागले. ॲक्सेलरॉड ह्यांचें वृत्त तर वेळापत्रक घेऊन आयुष्य आंखणाऱ्या प्रत्येक पालकानें वाचावें असें आहे. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तींत टोपल्या विणणाऱ्याच्या घरीं जन्म. वैद्यकाच्या कॉलेजांनीं प्रवेश नाकारलेला. खाद्यपदार्थांतील जीवनसत्त्वें मोजण्याच्या नोकरींत दहा-अकरा वर्षें गेलीं, तेथेंच अमोनियाची बाटली फुटून एक डोळा अधू झाला. १९४६ सालीं एका वेदनाशामक औषधाचा प्रश्न घेऊन ते बर्नार्ड ब्रोडी ह्यांजकडे सल्ल्यासाठीं गेले आणि त्यांतून संशोधनास लागले. आपल्या घरोघरीं तापावर देतात ती पॅरासिटामॉलची गोळी. मूळ औषधाचा गुण शरीरांत होणाऱ्या ह्याच द्रव्यामुळें येतो, हें ब्रोडी व ॲक्सेलरॉड ह्यांनीं १९४८ सालीं दाखविलें. डॉक्टरेट त्यांना १९५५ सालीं, चाळिशी उलटल्यावर, मिळाली. नोबेल पारितोषिक १९७० सालीं, कॅट्झ ह्यांच्याच बरोबर. वकीलसाहेबांच्या खुणांत ह्या लेखावर १९७० ह्या आंकड्याखालींच तेवढी रेघ होती. मधल्या अकरा वर्षांवर पेन्सिल फिरली नव्हती.

ह्या ग्रंथाचे दोष आहेत, आणि ते लहान नाहींत. पहिल्या भागांत सतरा जणांचीं वृत्तें आहेत. त्यांत स्त्री एकच, फ्रान्सच्या देनीझ आल्ब-फेसार. त्याहून मोठी गोष्ट ही कीं, तीरास लागलेल्यांनाच येथें बोलावलें आहे. कॅट्झसारखेच चार पौंड घेऊन निघालेले, पण किनारा न सांपडलेले जे होते, त्यांचीं वृत्तें कोण मागणार? ॲक्सेलरॉडची ती नोकरी करीत जन्म काढलेले किती असतील! विपत्तींतून यश निघतें असा समज ह्या ग्रंथावरून होण्याचा संभव आहे, आणि तो समज घातक आहे. वकीलसाहेबांना मीं हें आधींच सांगावयास हवें होतें. तें राहून गेलें ही माझी चूक.

जे बोलावलेच गेले नाहींत त्यांत एक मनुष्य असा आहे कीं, त्याला बोलावणें शक्यच नव्हतें. १९९८ सालच्या दुसऱ्या भागांत ब्रेंडा मिल्नर ह्यांचें वृत्त आहे. मँचेस्टरमध्यें बालपण, केंब्रिजला गणित घेऊन प्रवेश, मग मानसशास्त्राकडे वळणें, १९४४ सालीं कॅनडा, आणि १९५० सालीं मॉन्ट्रिऑलचे मेंदूचे शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफील्ड ह्यांच्या रुग्णांचा अभ्यास. पेनफील्ड ह्यांच्या दोन रुग्णांची स्मृति शस्त्रक्रियेनंतर अनपेक्षितपणें गेली. तो वृत्तान्त वाचून हार्टफर्डचे शस्त्रवैद्य विल्यम स्कोव्हिल ह्यांनीं कळविलें कीं, आपल्याकडेहि असा एक रुग्ण आहे. त्याच्या अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ सालीं त्यांनीं मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलांच्या आंतील अंगाचा भाग काढून टाकला होता. झटके कमी झाले. पण त्या दिवसापासून त्याच्या मनांत नवी आठवण ठरेना. १९५५ सालीं मिल्नरबाई आगगाडीनें त्याच्याकडे गेल्या, आणि दोघांचा निबंध १९५७ सालीं निघाला. पुढें बाईंनीं त्याला आरशांत पाहून तारकाकृति गिरवावयास दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईदार झाला, आणि तिसऱ्या दिवशींहि हें काम आपण पूर्वीं कधीं केल्याचें त्याला आठवत नव्हतें. हाताची आठवण निराळी व मनाची निराळी, हें तेव्हांपासून शास्त्रांत रुजलें. वर्षानुवर्षें बाई त्याच्याकडे जात, आणि तो त्यांना दर वेळीं प्रथमच भेटे. त्याचीं आद्याक्षरेंच तेवढीं जगाला ठाऊक होतीं. हेन्री मोलेसन हें नांव २००८ सालीं तो वारल्यावर प्रकट झालें.

मिल्नरबाईंचें आत्मवृत्त नेटकें आहे, कोठेंहि भावविवश नाहीं. पण वाचतांना माझें लक्ष राहून राहून त्या दुसऱ्या खुर्चीकडे जाई. एका खुर्चींत जिचें सारें आयुष्य सलग आठवणींत गुंफलेलें आहे अशी स्त्री. दुसरींत, सकाळीं काय खाल्लें हें न सांगतां येणारा पुरुष. पहिलीचें आत्मवृत्त दुसऱ्याच्या विस्मृतीवर उभें आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या "स्मृतिचित्रें" त स्वयंपाकघरांतलीं, वाटेवरचीं, उपऱ्या माणसांचींहि चित्रें येऊन जातात, आणि त्या गर्दींतच लेखिकेचें चित्र खुलतें. शास्त्रज्ञांच्या ह्या निवेदनांत तशी गर्दी मला हवी होती. यंत्रें जुळविणारे कारागीर, रात्रीं जनावरांची देखभाल करणारे नोकर, ज्यांच्यावर प्रयोग झाले ते रुग्ण हे ओझरते येतात व आभाराच्या ओळींत विरून जातात.

असा संग्रह मराठींत माझ्या पाहण्यांत नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत ओबैद सिद्दिकी १९६२ सालीं आले, आणि फळांवर घोंघावणाऱ्या माशीला चव व वास कसा कळतो ह्या प्रश्नाला त्यांनीं कुलाब्यास शिष्यमंडळ मिळवून दिलें. २०१३ सालीं ते वारले. आमच्या मासिकांतून नटांच्या व गवयांच्या मुलाखती येतात व त्या मी आवडीनें वाचतों. कुलाब्याच्या त्या खोल्यांतून काय बोललें जात होतें, हें मराठी घरांत फारसें पोंचलें नाहीं.

मुलीची हकीकत राहिली. पुस्तक परत आणून दिलें त्या दिवशीं ती वडिलांच्या मागें उभी होती व कांहीं बोलली नाहीं. आठवड्यानें एकटी आली. पुस्तक तिनेंहि वाचलें होतें, पण खूण एकहि केली नव्हती. "हाम्बर्गरनीं रीताबाईंना बोलावलें तें पत्र कोठें छापलें आहे का, सर?" एवढेंच तिनें विचारलें. मला ठाऊक नव्हतें. मग दुसरा भाग मागून घेऊन गेली. त्यांतील मिल्नरबाईंचा लेख मला हा मजकूर लिहितांना पुन्हां पाहावयाचा होता. म्हणून निरोप पाठविला, तर उत्तर आलें कीं, वडील वाचीत आहेत.